तिसऱ्या दिवसाची खुर्ची

सिडनीहून सुटणाऱ्या आमच्या जहाजावर नऊशे साठ माणसांना दोन पंगतींत जेवायला बसवायचं काम एकोणीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. क्रिसान्तो लुमाबाव, फिलिपिन्समधल्या गिंबाल गावचे. आम्ही सगळे वेटर त्यांना मानोंग म्हणायचो, त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. मी लेवुका नावाच्या बेटावरच्या गावचा, नाव वाइसाके, आणि माझं काम जेवणघराच्या दारात उभं राहून हसायचं. हसता हसता दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला जुनी खोड आहे, त्यामुळे ही हकीगत माझ्याइतकी नीट कोणी सांगू शकणार नाही.

पहिली पंगत सहाला, दुसरी सव्वाआठला. एकदा टेबल मिळालं की प्रवास संपेपर्यंत तेच टेबल, तोच वेटर, शेजारी तीच तोंडं. सहाला दार उघडायचं, सव्वासहाला लावायचं. त्यानंतर जो येईल त्याला गोड बोलून वरच्या डेकवर पाठवायचं. तिथे हाताने वाढून घ्यायचं जेवण कधीही मिळतं. यात मानोंगचा आडमुठेपणा नव्हता. चारशे ऐंशी वाट्या सूप एकदम निघतं. चार माणसं उशिरा बसली की भटारखाना अडतो, तो अडला की पावणेआठला टेबलं मोकळी होत नाहीत, आणि मग दुसऱ्या पंगतीचे लोक ठेवणीतले कपडे घालून जिन्यात ताटकळतात. त्यांना काही सांगावं लागतं ते मला.

जहाज सुटायच्या दुपारी मानोंग जेवणघराच्या बाहेर एक छोटं टेबल टाकून बसायचे. समोर हा भला मोठा कागद, त्यावर गोल गोल टेबलं काढलेली, हातात शिसपेन्सिल. ज्यांना वेळ बदलून हवी असेल, टेबल बदलून हवं असेल, ते रांगेत. मी मागे उभा राहून बघायचो. शेतीवाडीवरच्या माणसांना न विचारता पहिली पंगत, कारण त्यांच्या पोटाला सहाची सवय असते. सिडनीकरांना दुसरी, त्यांना आधी दोन पेले लागतात. दोन शिक्षक एका टेबलावर कधी नाहीत, कारण दोघंही समजावून सांगत बसतात आणि ऐकणारं कोणी उरत नाही. एकाच गावची दोन जोडपी तर बिलकूल नाहीत. नवीन लग्न झालेल्यांना दोघांचं टेबल, पण ते गडबडीच्या टेबलाजवळ. मी विचारलं का, तर म्हणाले की चौथ्या दिवशी त्यांच्याकडचं बोलणं संपतं, मग निदान शेजाऱ्यांचं तरी ऐकू येतं.

हे सगळं मला पटायचं. एकच गोष्ट डोक्यात बसत नव्हती. पहिल्या पंगतीत एकतीस नंबरचं सहा खुर्च्यांचं टेबल होतं. तिथे मानोंग दर प्रवासात पाचच माणसं बसवायचे, तीही निवडून निवडून बोलकी. सहावी खुर्ची रिकामी. पहिल्या पंगतीसाठी लोक हातापाया पडत असायचे, तरी ती खुर्ची पहिले दोन दिवस कोणालाही मिळायची नाही.

ती कोणासाठी, असं मी वर्षभर विचारत होतो. उत्तर एकच मिळायचं, की तिसऱ्या दिवसाच्या माणसासाठी. कोण हा माणूस? तर म्हणायचे, "मला काय माहीत. अजून तिसरा दिवस कुठे उजाडलाय?"

आणि खरंच, दर फेरीत तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या टेबलाशी घुटमळायचं. एकदा वाटेतल्या नौमेया बंदरात नातीकडे निघालेली एक बाई आली, एकदा नवऱ्याशी कडाक्याचं भांडलेली एक. आम्ही वेटर आपसात बिस्किटाच्या पुड्यांची पैज लावायचो, या खेपेला कोण येणार म्हणून. मी बहुतेक वेळा हरायचो.

त्या जूनमध्ये मात्र ती खुर्ची मानोंगच्या चांगलीच अंगाशी आली. नवीन मॅनेजर आला होता, ऑमोट नावाचा, नॉर्वेचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोजायची फार हौस. कंपनीला ठरलेल्या पंगतीच बंद करायच्या होत्या. लोकांनी फोनवर आपली वेळ आपण निवडावी, यंत्र त्यांना रिकामं टेबल दाखवील, कागद-पेन्सिल समुद्रात. मानोंगनी कागदाची बाजू मांडली तेव्हा ऑमोट म्हणाला, ठीक आहे, या फेरीला बघू. तिसऱ्या संध्याकाळी पहिल्या पंगतीचं दार लागताना मी स्वतः खुर्च्या मोजीन. एकूण एक भरलेली असेल तर वर्षअखेरपर्यंत तुझा कागद चालू. एक जरी रिकामी दिसली तर पुढच्या फेरीपासून यंत्र.

याहून सोपं काय असणार? पहिल्या पंगतीसाठी थांबलेल्यांची यादी दोन पानांची होती. त्यात एकट्या माणसाचं नाव एकच, एका बाईंचं, ज्यांना आठला सुरू होणाऱ्या नाचगाण्याच्या खेळाला वेळेवर पोचायचं होतं. मी म्हटलं, त्यांना द्या एकतीस नंबरची खुर्ची आणि मोकळे व्हा. मानोंगनी त्या बाईंसाठी भलत्याच टेबलाशी जादा खुर्ची सरकवली आणि एकतीसची खुर्ची तशीच ठेवली. मला राग आला. एकोणीस वर्षांची भाकरी आणि हा माणूस हट्टाला पेटलाय, असं मी तोंडावर बोललो.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. घरी ही नऊ भावंडं आणि टेबलाला सहा जागा. आई रांधायची, आणि कोण आधी, कोण मागून ते मानोंग थोरले म्हणून ठरवायचे. सगळ्यांना जागा करून द्यायची सवय, स्वतःसाठी मागायची नाही. जहाजावर पहिल्यांदा आले तेव्हा नोकरांच्या जेवणघरात कोणाशी बोलायची लाज वाटली, म्हणून दोन दिवस ताट घेऊन कोपऱ्यात उभे राहिले.

"लाज दोन दिवस टिकते रे," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी माणूस कुठेही बसायला तयार होतो. पण तोवर खुर्च्या भरलेल्या असतात. मी चार महिने उभ्याने जेवलो, वाइसाके."

मी थांबलेल्यांची यादी घडी घालून खिशात ठेवली.

त्या फेरीत क्लेम रडक नावाचे एक गृहस्थ होते. डबो गावाकडचे, मेंढ्यांची लोकर कातरण्यात आयुष्य गेलेलं, वय चौऱ्याहत्तर. मुलीने तिकीट काढून जहाजावर चढवलं होतं. पहिल्या दुपारी रांगेत आले आणि म्हणाले, मला एकट्याचं टेबल द्या, खांबाच्या मागे असलं तरी चालेल. मानोंगनी खांबामागचं दिलं. पहिल्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला आले, वीस मिनिटांत जेवले आणि गेले.

दुसऱ्या संध्याकाळी सहाला त्यांचा पत्ता नाही. आले ते सातला, केस विंचरून, स्वच्छ सदरा घालून. आत लोक मटण संपवत होते. मी नेहमीचं हसून सांगितलं की दार लागलंय. त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळात सहा वाजले होते. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मीही थट्टेनेच म्हटलं की आजोबा, छान घड्याळ आहे, आणि त्यांना वरचा जिना दाखवला. ते वळून जिना चढले. ही गोष्ट मी मानोंगना सांगितली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लेम मानोंगच्या टेबलासमोरून तीनदा गेले. चौथ्यांदा थांबले आणि टेबलांच्या कागदाकडे बघत विचारलं की हे सगळे लोक जेवताना काय बोलतात. मानोंग म्हणाले, एकतीस नंबरवर या संध्याकाळी, कळेल. बेंडिगोच्या दोन बहिणी आहेत, वॉगाचा बेकरीवाला आणि त्याची बायको आहे, एक निवृत्त टपालवाला आहे. क्लेमनी मान हलवली आणि विचारलं, "सहालाच ना?" "सहालाच," मानोंग म्हणाले. त्यांच्या खांबामागच्या टेबलावर मानोंगनी आठच्या खेळाच्या त्या बाईंना हलवलं आणि जादा खुर्ची काढून टाकली. क्लेमवर लावलेली पैज जिंकल्याचा मला इतका आनंद झाला की मी बिस्किटं आधीच वसूल केली.

संध्याकाळी सहाला दार उघडलं. ऑमोट हातात पाटी-पेन घेऊन आत भिंतीशी उभा. लोक आले, खुर्च्या सरकल्या, सहा वाजून दहा मिनिटांनी सगळं जेवणघर गच्च भरलं होतं. एक खुर्ची सोडून.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या रात्री जहाजाची घड्याळं तासभर पुढे केली होती. नौमेयाच्या वाटेवर दर फेरीत करतात, केबिनमध्ये चिठ्ठीही टाकतात. म्हाताऱ्याने आपलं घड्याळ पुढे केलंच नव्हतं. मी मानोंगच्या कानाशी जाऊन कालची हकीगत सांगितली. ते माझ्याकडे बघतच राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी केबिनला फोन लावला, कोणी उचलला नाही. एका वेटरला डेकवर पिटाळलं, तो हात हलवत परत आला.

सव्वासहा वाजले. मी म्हटलं, मानोंग, पाच मिनिटं थांबा, ऑमोटला मी बोलण्यात गुंतवतो. नाहीतर मीच कोट काढून बसतो त्या खुर्चीत.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं. ऑमोटने पाटीवर काहीतरी लिहिलं. तो म्हणाला की मला वाईट वाटतं, आणि मला वाटतं त्याला खरंच वाटलं होतं. सूप निघालं.

सातला दारावर टकटक झाली. क्लेम उभे, परत स्वच्छ सदरा. मानोंग स्वतः पुढे झाले. एकोणीस वर्षांत उशिरा आलेल्यासाठी कधीच न उघडलेलं दार त्यांनी उघडलं आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्यांना एकतीस नंबरवर नेलं. टेबलावरच्या पाचांपुढे शेवटचा गोड पदार्थ आला होता. मधेच क्लेमपुढे सूप. दोघी बहिणींतल्या थोरलीने न राहवून विचारलं की अहो, एवढा उशीर?

क्लेमनी घड्याळ दाखवलं. म्हणाले की माझी कुत्री आहे घरी, बिडी. शेजारीण तिला सहाला खायला घालते. गेली दोन वर्षं आम्ही दोघं एकाच वेळी जेवतो. घड्याळ पुढे केलं असतं तर ती एकटी जेवली असती.

मग बेकरीवाल्याच्या बायकोने आपला चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की आता तुमचं मटण येईपर्यंत आम्ही थांबतो. टपालवाल्याने कुत्री कुठल्या जातीची ते विचारलं. तेवढं पुरलं. जो माणूस पहिल्या दिवशी खांबाशी तोंड करून वीस मिनिटांत जेवून उठला होता तो पाऊण तास बोलला. बिडीबद्दल, बायकोबद्दल, लोकर कातरताना पाठ कशी जाते त्याबद्दल. बहिणी हसून हसून रडल्या. मानोंग खांबाशी उभे राहून ऐकत होते. त्यांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचं काय गेलंय हे माहीत असल्यामुळे मला ते बघवत नव्हतं.

दुसरी पंगत त्या दिवशी बारा मिनिटं उशिरा बसली. जिन्यातल्या लोकांनी मला जे ऐकवलं ते सोडून देऊ. उरलेल्या संध्याकाळी क्लेम सहाला यायचे, पण काही न खाता सातपर्यंत गप्पा मारायचे, मग जेवायचे.

पुढच्या फेरीला यंत्र आलं. लोक फोनवर बोट फिरवून वेळ घ्यायचे, दारातल्या पडद्यावर टेबलाचा नंबर उमटायचा. मानोंगना काढलं नाही. माझ्याशेजारी दारात उभं केलं, हसायला. कागद त्यांनी गुंडाळून केबिनमध्ये ठेवला. यंत्र तसं हुशार होतं, पण त्याला रिकामी खुर्ची सहन व्हायची नाही. दिसली की लगेच कोणाला तरी देऊन टाकायचं.

आम्ही वेटरांनी पहिल्याच दुपारी विचार केला. यंत्रात नाव घालायचा अधिकार मलाही होता. एकतीस नंबर, सहावी खुर्ची, सहा वाजता. मी नाव टाकलं, क्रिसान्तो लुमाबाव, प्रवासी.

सहाला मानोंगची नजर पडद्यावर गेली. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, परत बघितलं. आत एकतीस नंबरवर पाच माणसं गप्पांना लागली होती आणि सहाव्या ताटाशी त्यांच्या नावाची चिठ्ठी उभी होती. मला वाटलं आता माझी कानउघाडणी होणार. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"दोनच दिवस हं," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी मला उठवायचं तिथून."