धाकटीच्या पंपाचं पाणी

सकाळपासून आभाळ गोधडी पांघरून बसलेलं. वारा नाही, ऊन नाही. अशा दिवशी धुणाऱ्याचा जीवच दोरीवर टांगलेला असतो. तरी थोरली अंधार असतानाच अंगणात उतरली होती. दगडावर कपडे आपटत होती आणि दर आपट्याला मान वर करून भिंतीपलीकडे बघत होती. पलीकडे धाकटी जाऊ. तिच्या दोरीवर लॉजच्या चादरी, बगळ्यांची रांग बसावी तशा पांढऱ्या.

त्या चादरी एके काळी थोरलीकडे यायच्या. मग भावाभावांत वाटणी झाली, अंगणात भिंत उभी राहिली, जुना पंप थोरलीच्या वाट्याला आला. धाकट्यानं पलीकडे खडक फोडून नवी बोअर मारली. जुन्या पंपाच्या पाण्यात पुढं लोखंड उतरलं. बाहेर पडताना साळसूद दिसायचं, बादलीत जरा थांबलं की तांबूस. पांढरं कापड त्यात बुडवलं की चहा सांडल्यागत व्हायचं, आणि ब्लीच घातलं तर आणखी पिवळं. तिनं नीळ घातली, लिंबू चोळलं, पाण्याला शिव्या घातल्या. पाणी काही लाजलं नाही. गल्लीनं मात्र तिचं नाव पाडलं, गंजकाकू. तिच्याकडे उरले काळे, निळे कपडे आणि गॅरेजवाल्यांच्या तेलकट पँटी.

सगळी गल्ली धुणाऱ्यांची. इथं पाणी जोखायची रीत एकच. पंपाच्या तोंडाला पांढरी चिंधी बांधायची; ती पांढरीच राहिली तर पाणी चांगलं. आणि कपड्याला चांगलं ते पोटालाही चांगलं, यात कुणाला शंका नव्हती. धाकटीची चिंधी कधी डागाळली नाही, त्यामुळे प्यायचं पाणी सगळे तिच्याकडून न्यायचे. थोरलीचा नवराही पाय मोकळे करायला म्हणून जायचा आणि धाकट्याकडे तांब्याभर पाणी पिऊन यायचा.

"काय गोड पाणी आहे गं," एकदा बोलून गेला बिचारा.

"मग तिथंच राहा की. रेड्यागत डुंबा त्यात."

ती स्वतः रात्रभर निवळलेलं, फडक्यातून गाळलेलं गंजाचंच पाणी प्यायची. तोंड वाकडं करून, पण ताठ मानेनं.

पाणी तपासणाऱ्या बाई आल्या आणि दोन्ही पंपांच्या बाटल्या भरून घेऊन गेल्या, तेव्हा थोरलीला वाटलं, आता आपल्या कपाळावर शिक्का बसणार. परत आल्या तर रंगाचा डबा घेऊन. लाल रंग धाकटीच्या पंपाला फासला.

"या पाण्यात युरेनियम आहे. खडकातच असतं ते, झिरपत येतं. पिऊ नका, मूत्रपिंडाला वाईट."

"अगं बाई, बॉम्बातलं?" गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

"बॉम्ब वगैरे काही नाही. धुण्याला, अंघोळीला खुशाल वापरा. प्यायचं तेवढं नाही. दुसरी सोय होईतोवर शेजारचं पाणी गाळून प्या, त्यात नुसतं लोखंड आहे."

थोरलीच्या मनात लाडू फुटले. पण घटकाभरच. कारण गल्ली तिच्या पंपावर रांग लावायचं सोडून लाल दांडा बघायला धाकटीकडे लोटली. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवतंय, कुणी तिची तब्येत विचारतंय.

"बघा, नशीबच मोठं," थोरली नवऱ्यावर खेकसली. "माझ्या पाण्यात सापडलं तर खिळ्याचं लोखंड. तिच्यात बघा, कसं भारीतलं निघालं!"

नवरा आपल्या कमरेवर हात ठेवून, मूत्रपिंड नेमकं कुठं असतं ते चाचपत होता.

दुसऱ्या दिवशी लॉजचा मॅनेजर आला. धाकटीच्या दारात न जाता भिंतीच्या अलीकडे थांबला.

"काकू, खरं सांगा. त्या पाण्यातल्या चादरींवर गिऱ्हाईक झोपवावं का?"

बाईंनी धुण्याला चालतं म्हटलेलं थोरलीनं दोन्ही कानांनी ऐकलं होतं. तिनं ओले हात पुसले.

"मी कशाला कुणाच्या पोटावर पाय देऊ, साहेब? पण माझं विचाराल तर... मी नसते बाई झोपले."

संध्याकाळी चादरींचं गाठोडं तिच्या ओट्यावर होतं. तिनं त्यावरून असा हात फिरवला, जणू सासरी गेलेली लेक परत आली.

सकाळी पहिली चादर भिजवली आणि डोक्यात प्रकाश पडला. हेव्याच्या भरात ती एवढंच विसरली होती की धुवायचं पाणी तिच्याच पंपाचं होतं. पिळून दोरीवर टाकली तर चादर हळदीच्या अंगासारखी पिवळी. बाकीचं गाठोडं तिच्याकडे बघत बसलेलं, आणि मॅनेजर उद्या न्यायला येणार.

तेवढ्यात धाकटी कळशी घेऊन आली.

"पाणी घेऊ का, जाऊबाई? प्यायला."

"घे की. माझ्या बापाचा पंप आहे होय?"

धाकटीनं कळशी भरली. दोरीकडे बघितलं.

"पिवळी पडली."

"उन्हानं उजळेल."

"ऊन कुठंय? आणा माझ्या पंपावर."

"तुझ्या? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंय. भिंत आहे ती, डोंगर नव्हे."

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धाकटी कळशी कमरेवर घेऊन शांत उभी.

"निम्म्या चादरी माझ्या, निम्म्या तुमच्या. आणि उद्या मॅनेजर आला की त्याच्यासमोर तुम्ही यातल्या एका चादरीवर आडव्या व्हायचं."

"मी? भर अंगणात?"

"नाहीतर न्या त्याच्याकडे ही पिवळी."

दिवसभर दोघी एका दगडावर राबल्या. पिवळीचा रंग मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. धाकटीनं गंजाच्या पाण्याचा चहा केला. तो शाईसारखा काळा झाला आणि थोरली मनात हसली. तर तिचाच नवरा घोट घेऊन म्हणाला, "वा, काय रंग आलाय!" त्याच पाण्याचा त्याच रंगाचा चहा तो घरी वर्षानुवर्षं नाक मुरडून पीत आला होता.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मॅनेजर आला, गल्ली जमली. थोरलीनं ओट्यावर चादर अंथरली, देवाचं नाव घेतलं आणि आडवी झाली.

"चुकलं माझं, साहेब," ती आभाळाकडे बघत म्हणाली. "धुण्याला काही होत नाही. बाई सांगून गेल्यात."

"झोप येतेय का काकू?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले. मॅनेजरही.

पाठीखालची चादर गार होती, सायीसारखी मऊ, डाग म्हणून कुठं नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कापड निघालं नव्हतं. मेलीचं पाणीच तसं, तिला वाटलं.

मॅनेजर बाकीच्या चादरी घेऊन गेला. थोरली उठली. तिच्या अंगाखालची चादर चुरगळून मळली होती. ती गोळा करून तिनं बगलेत मारली, निरमा घेतला आणि धाकटीच्या पंपाकडे निघाली.