अप्पांच्या ताटातली डाळ

वडिलांच्या वाढत्या विसरण्याबद्दल कलबुर्गीच्या डॉक्टरांनी कन्नड आणि इंग्रजी मिसळून जे सांगितलं, ते मी चिटगुप्प्याला परतताना बसमध्ये आईला मराठीत सांगितलं. अप्पा खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. वाचता येत होतं अजून. मेंदूत एक मोठं प्रोटीन असतं, त्याचे तुकडे पडतात. सगळ्यांच्याच मेंदूत पडतात आणि साफही होतात. अप्पांच्या मेंदूत त्यातले चिकट तुकडे एकमेकांना धरून बसलेत, त्यांचे गोळे झालेत, पेशी मरतायत. इंग्रजीत वाचलेलं घरच्या भाषेत आणताना मी अडखळते. आईनं काही विचारलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

मग अप्पांच्या ताटातली डाळ गेली. अंडं गेलं, शेंगाची चटणी गेली. उरली ज्वारीची भाकरी आणि भोपळ्याची पातळ भाजी. पथ्य असेल, असं मी धरून चालले.

एका दुपारी अप्पांनी ताट सरकवलं.

"डाळ कामून न्हाई?"

"डाक्टरनं बंद केलीय."

"कुठल्या?"

"तुमच्याच."

"मंग ही भाकर बी त्यालाच वाढ."

आई हसली. मी स्वयंपाकघरात तिच्या मागं गेले आणि डाळ का बंद केली ते विचारलं.

"तूच सांगितलीस न्हाई का, प्रोटीन साचलंय म्हणून?" आई म्हणाली.

आई अंगणवाडी चालवते. "इतकी वर्षं बायकांना काय सांगायलेय मी? डाळीत प्रोटीन, अंड्यात प्रोटीन. आत जायचं बंद झालं की साचलेलं हळूहळू आटंल की."

मी सांगितलं, खाल्लेलं प्रोटीन पोटातच मोडतं. ते तुकडे मेंदूतच तयार होतात. डाळ बंद करून अप्पा नुसते वाळतील. वाळलेच होते ते. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली होती.

"मंग काय बंद करू?"

"काहीच नको."

"चालू काय करू?"

गोळे काढणारी औषधं निघालीत, पण ती अगदी सुरुवातीला द्यायची, आणि गेलेलं तीही परत आणत नाहीत. अप्पांची ती वेळ गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. बसमध्ये सांगितलं होतं, तेच पुन्हा सांगितलं.

आई ओट्याला टेकून उभी राहिली. "म्हंजे मी रोज येगळं शिजवायले, ते..." त्या दिवसांत ती शांत का होती, ते मला तेव्हा कळलं. तिच्या हातात करण्यासारखं काहीतरी होतं.

डाळ पुन्हा सुरू झाली, लसणाची फोडणी घालून. अप्पांच्या अंगावर थोडं मांस आलं. पाट्या वाचायचं मात्र थांबलं. एकदा जेवताना त्यांनी वाटी पुढं केली आणि आईकडं बघून, परक्या घरी जेवायला बसल्यासारखं, संकोचून म्हणाले, "अक्का, जरा डाळ वाढता का?"

आईनं वाढली.