बुरुलचा एजेचा चिमटा

बिश्केकच्या आमच्या प्रयोगशाळेत बुरुलचा नावाची बाई एकोणीस वर्षं अभ्रक सोलते आहे. वयाने मोठी, म्हणून आम्ही सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढायचा, कोऱ्या अभ्रकावर डीएनएचा थेंब ठेवायचा, धुवायचा, वाळवायचा. मग सूक्ष्मदर्शकाची सुई त्यावरून फिरते आणि पडद्यावर धागे उमटतात. नुसता डीएनए सैल पडलेला असतो. आमचं प्लॅटिनमचं संयुग चिकटलं की धागा दुमडतो, गाठी होतात.

त्या मंगळवारी नुसत्या डीएनएतही गाठी दिसल्या.

एजेचा चेहरा पांढरा पडला. शुक्रवारी आमचे प्राध्यापक इसाबेक आगाय, म्हणजे इसाबेक सर, याच चित्रांवरचा लेख छापायला पाठवणार होते. चूक कामात असेल, तर काम एजेचं, आणि तिचा करार जूनमध्ये संपत होता.

"कुणाला बोलू नकोस," ती माझ्या कानात पुटपुटली. "मला शोधू दे."

बुधवारभर तिने पाणी बदललं, क्षार बदलले. गाठी तशाच. दार वाजलं की ती दचकायची. दुपारी मी तिचे हात बघत बसले. तिने नुसत्या डीएनएसाठी अभ्रक धरायचा चिमटा धुतला, पण झटकला नाही. धुतल्या हातांचं पाणी झटकलं की घरची बरकत जाते, असं आमच्याकडे मानतात. तिने तो खिडकीतल्या पांढऱ्या फडक्याला पुसला. संयुगाचा चिमटाही ती त्यालाच पुसायची.

"एजे, हे फडकं कधीचं?"

तिने फडकं ओढून हातात घेतलं. "मार्चमधल्या नूरुझच्या सणापासूनचं," ती म्हणाली. "दोन महिन्यांची सगळी चित्रं संशयात आली गं."

आगायना तिने स्वतःच सांगितलं. बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, आणि त्यानेच तिची भीती वाढली. त्यांनी नवा चिमटा काढून दिला, आणि एजेने त्याने नुसत्या डीएनएचा नवा नमुना केला.

सुई वीस मिनिटं फिरली. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत होती, आणि एजे ओठ हलवत दुआ म्हणत होती. पहिला धागा दिसला. सैल. मग दुसरा, तोही सैल.

"लेख थांबला," आगाय म्हणाले. "नूरुझपासूनचं सगळं पुन्हा. जूनमध्ये ते संपत नाही, तेव्हा कुठे जाऊ नका, एजे. आणि यापुढे चिमटा झटकायचा, दर वेळी नव्या कागदाने टिपायचा."

ते गेल्यावर तिने चिमटा नळाखाली धरला. पाणी ठिबकत राहिलं. मग तिने तो माझ्या हातात दिला.

"तू झटक," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.