मांडावरचा चिनी

लग्न होऊन मी मालवणजवळच्या या गावात आले, तेव्हा आमचे हे रोज सकाळी अंगणात उघड्या अंगाने वाकडेतिकडे उभे राहत आणि हवेला गुद्दे मारत. माझं माहेर तोंडवलीचं. होड्यांत आणि जाळ्यांत वाढलेली मी. दारू पिऊन एकमेकांना मारणारे पुरुष पाहिले होते, पण समोर कुणी नसताना मारणारा माणूस पहिलाच. लागीरबिगीर तर नाही ना, म्हणून मी घाबरत घाबरत सासूबाईंना विचारलं. त्या पोट धरून हसल्या.

"लागीर नाय गो. चिनी इद्या ती. सिंगापुराक शिकलो."

हे तरुणपणी मालाच्या बोटीवर खलाशी होते. बोट दुरुस्तीसाठी सिंगापूरला अडकून पडली, तेव्हा धक्क्यामागच्या गल्लीत एका चिनी म्हाताऱ्याने ह्यांना ती विद्या शिकवली. आता माझी नातवंडं तिला कुंग फू म्हणतात, आमच्या गावात तेव्हा 'चिनी कुस्ती' म्हणत. म्हाताऱ्याची एक शिकवण ह्यांच्या अंगात फार मुरली होती. लढताना मागून कुणी नावाने हाक मारली तर वळून बघायचं नाही. आधी खाली बसायचं, मग बघायचं, कारण हाक मारणाऱ्याला काहीतरी दिसलेलं असतं. मामंजी मुद्दाम मागून नावाने ओरडत आणि हे हातातलं ताट टाकून जमिनीला टेकत. ताटं चेपली, सासूबाईंनी दोघांचा उद्धार केला, पण खेळ काही थांबला नाही.

मी त्या खेळात नव्हते. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आईने मला दुधाबरोबर पाजलं होतं. उखाण्यात घ्यायचं तेवढं माफ, तिथे ते ओळींत गुंडाळलेलं असतं. एरवी 'अवो' म्हणायचं, नाहीतर बांगड्या वाजवायच्या.

आमच्याकडे शिमग्यात मांडावर, म्हणजे देवळासमोर होळी उभी करतात त्या जागेवर, दुपारी तरुणांचं नाटक होई. त्या वर्षी ह्यांनीच गोष्ट सुचवली. त्या चिनी म्हाताऱ्याने सांगितलेली, त्याच्या गुरूच्या गुरूची. एक क्रूर सरदार मच्छीमारांचं बंदर बळकावतो आणि एक गुरू रिकाम्या हातांनी त्याला लोळवतो. गणपतीत देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला, गाव हो म्हणालं.

गुरू अर्थातच आमचे हे. पिवळ्या साटिनचा झगा, आणि काळ्या रंगात बुडवलेली काथ्याची वेणी. ती डोक्यावर चढवली की सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावत. सरदार झाला शेजारचा रापणकरांचा थोरला, म्हणजे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ज्यांची होती त्यांचा मुलगा. ह्यांचा लहानपणापासूनचा सोबती, मला वैनी म्हणायचा. तलवार कुठे मिळेना म्हणून सरदाराच्या हाती वल्हं द्यायचं ठरलं. खरं वल्हं डोक्यात बसलं तर डोक्याचा नारळ व्हायचा, म्हणून सुताराने पांगाऱ्याचं केलं. पांगारा अगदी हलका, पोरंसुद्धा उचलतील असा. त्याला डांबर फासल्यावर ते लांबून खऱ्यासारखं दिसे.

आणि दिवाळीच्या सुमाराला चीनशी लढाई पेटली.

गावात रेडिओ एकच, दुकानात. संध्याकाळी सगळे पुरुष तिथे जमत. रापणकरांचा धाकटा सैन्यात होता, तिकडेच वर, बर्फात. लढाई थांबली, आसपासच्या गावांतल्या मुलांची खुशाली आली, त्याची काही येईना. थोरला आमच्या घरावरून जायचा, पण ओसरीवर टेकेनासा झाला. ह्यांनी अंगणात गुद्दे मारणं बंद केलं, तरी पोरं कुंपणाबाहेरून 'चिनी, चिनी' ओरडायची. मला त्या पोरांचं काही वाटत नसे. पोरं घरी जे ऐकतात ते बोलतात, याचं भय वाटे.

नाटक आपोआप बारगळेल असं मी धरून चालले होते. पण देवाने कौल दिलेला, तो मोडणार कोण? गावकऱ्यांची बैठक बसली, पुष्कळ काथ्याकूट झाला, आणि एका म्हाताऱ्या मानकऱ्याने निकाल दिला. "देवाक दिलेलो शब्द मोडूचो नाय. नाटक होतला. पण चिनी मरूक होयो."

झालं! देवही राजी, गावही राजी. गोष्ट तीच, झगा तोच, फक्त शेवट फिरवला. कालपर्यंतचा क्रूर सरदार एका रात्रीत आपला वीर झाला आणि गुरू झाला शत्रू. आधी जो घाव चुकवायचा होता, तो आता डोक्यावर घ्यायचा. एवढी अक्कल चालवणाऱ्या गावाला माझा नवरा त्या झग्याच्या आत आहे हे कसं सुचलं नाही, याचा राग मला अजून येतो.

"तुमी नाय म्हणून सांगा," मी ह्यांना म्हटलं. "माका भय वाटता."

"नाय म्हटलंय तर लोक खरोच चिनी समाजतले," हे म्हणाले. "आणि तो माका कित्याक मारतलो? एका होडयेत वाढलंव आमी. पांगाऱ्याचा वल्ह्या ता, उशयेसारख्या."

तालमीत तो एका हाताने वल्हं फिरवायचा हे मी पाहिलं होतं. मी मनाची समजूत घातली, पण जेवण गेलं ते गेलंच.

नाटकासाठी मांडावर झावळ्यांचा मांडव घातला होता, आणि त्या दिवशी मांड भरून गेला होता. आम्ही बायका एका बाजूला, जुन्या फणसाच्या सावलीत. मानकऱ्याने देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा," आणि गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. एकदा गाऱ्हाणं झालं की देवाचा खेळ सुरू झाला. तो मधे कुणी मोडत नाही. मोडणाऱ्याच्या घराला देवाचा रोष लागतो, असं समजतात.

हे झग्यात आले तेव्हा आधी हशा झाला, मग शिव्या सुरू झाल्या. शिमगाच तो, शिव्या आणि बोंबा नेहमीच्याच. पण एरवी शिव्या देताना लोकांचे डोळे हसत असतात. त्या दिवशी हसत नव्हते. कुणीतरी शेणाचा गोळा मारला, तो ह्यांच्या झग्यावर बसला. ह्यांनी तो झटकला आणि म्हाताऱ्या गुरूसारखं वाकून नमस्कार केला. बोंब आणखी वाढली.

मग थोरला आला आणि त्याने वल्हं जमिनीवर टेकलं.

पांगारा टेकला की टप वाजतो. हे धप्प वाजलं होतं. मी उठून उभी राहिले. वल्ह्याच्या मधोमध, जिथे ते होडीला दोरीने बांधतात, तिथे लाकूड घासून गुळगुळीत खाच पडली होती. पांगाऱ्याच्या वल्ह्याला कुठली खाच? ते कधी समुद्रात गेलेलंच नव्हतं. आणि थोरल्याने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

ह्यांची त्याच्याकडे पाठ होती. शेवटच्या भाषणासाठी हे देवळाकडे तोंड करून उभे होते. ते झालं की वळायचं आणि घाव घ्यायचा, असं बसवलेलं. पण थोरला थांबणार नव्हता. त्याने वल्हं उचललं होतं.

मी ओरडले. माझ्या बाजूच्या बायकांनीही मला साथ म्हणून बोंब ठोकली. शिमग्यात ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? मी "अवो" म्हणून किंचाळले, तर समोरच्या चार जणांनी वळून आपल्या बायका शोधल्या. ह्यांच्या कानापर्यंत काही पोचेना. एकच गोष्ट पोचली असती, आणि तीच मला जिभेवर आणायची नव्हती. नाव घेतलं तर आयुष्य घटणार, नाही घेतलं तर ते आत्ताच संपणार. एवढा विचार मी केला की नाही, ठाऊक नाही. मी नाव घेतलं. नुसतं, उघडं नाव, बेंबीच्या देठापासून.

हे वळले नाहीत. आधी खाली बसले.

वल्हं ह्यांच्या डोक्यावरून गेलं आणि मांडवाच्या खांबावर बसलं. खांब मोडून आडवा झाला, झावळ्या खाली आल्या. खांबाकडे बघून लोकांना कळलं की वल्हं खरं होतं. काही बायका मात्र खांबाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

थोरला तिथेच बसला. हातातलं वल्हं सुटेना, ते ह्यांनीच त्याची बोटं उकलून काढून घेतलं. हे त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले, डोक्यावर अजून ती काथ्याची वेणी. मी जवळ गेले, तेव्हा त्याने मान वर केली.

"वैनी, माका तो दिसाकच नाय," तो म्हणाला. "माका चिनी दिसलो."

मला त्याचा रागही येईना. भीती मात्र आली ती गेली नाही. त्याचा धाकटा भाऊ कधीच परत आला नाही.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी मला देवळात नेलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "चेडवान घोवाचा नाव घेतला, तां पोटात घाल, तेच्या आयुष्याचा हिशोब धरू नको." रात्री ह्यांना मस्करी सुचली. "परत एकदा मार गो हाक. बरी लागली."

"तुमच्या जिबेक हाड नाय," मी म्हटलं आणि रडत बसले.

पुढे हे देवगडच्या एका मालकाच्या बोटीवर जाऊ लागले. वारा फिरला की मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. लोकांना तुफानाची भीती वाटे, मला माझ्या हाकेची. त्या दिवशी देवाने ह्यांच्या वाट्याचं किती कापून घेतलं असेल, ते कधी वसूल होईल, हे कुणाला विचारणार? म्हातारे झाले, केस पिकले, दात गेले, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी हे खाटेवरच गेले, शांतपणे. मुलं, सुना भोवती होती. आमच्या मोठ्या मुलाला अजून आशा होती. "आये, तू हाक मार तेंका. नावान मार. तुजी आयकतले."

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं, त्या दिवशी मांडावर घेतलं होतं तसंच. हे हलले नाहीत. मग मी पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. आता घटायचं काही उरलं नव्हतं.