पोळ्याला रंगवलेली चाकं

ती घटना आजही आठवते. पण त्यातल्या संशयितापेक्षा तपास अधिकारीच मला जास्त आठवते. ती अधिकारी म्हणजे मी. खात्याची परीक्षा देऊन नुकतीच फौजदार झालेली, गणवेशाला गरजेपेक्षा जास्त इस्त्री करणारी, आणि गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो अशा ठाम समजुतीत वावरणारी. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी पाणी पाजीन, मग तिचा कान धरीन.

आमचं ठाणं एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास खबर आली की प्रवासी जीप उलटली. घटनास्थळी पोहोचलो तेव्हा जीप कुशीवर पडलेली होती. मागचं डावं चाक निखळून गाडीच्याही पुढे धावत गेलं होतं आणि धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलात उभं होतं. नऊ प्रवाशांपैकी बहुतेकांना खरचटलं होतं. एका म्हातारीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. चालकाच्या कपाळाला खोक पडली होती. जीप त्याच्याच मालकीची होती. दोन महिन्यांपूर्वी बैलजोडी विकून त्याने ती जुनी जीप घेतली होती, आणि चंद्रपूरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून अॅल्युमिनियमची चकचकीत चाकं आणून तिला बसवली होती. मॅग व्हील म्हणतात ती. अख्ख्या स्टँडवर तशी चाकं दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

मी पंचनामा केला. जखमी म्हातारीचा जबाबही घेतला. ती म्हणाली होती, "दोन गावांपासून खटखट खटखट होऊन राह्यलं होतं. म्या पुसलं, काऊन रे बापू, बैल लंगडते काय?" हे वाक्य मी लिहून घेतलं आणि विसरले.

अकरा वाजता ठाण्यात निनावी फोन आला. काल सांजेला स्टँडवरचा दुसरा एक चालक त्या जीपच्या मालकाच्या दारात दिसला होता आणि त्याच्या हातात चाकाचा पाना होता, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. त्या दुसऱ्या चालकाला इथे मी मिशीवाला म्हणते, कारण त्याच्यावर संशय येण्याचं माझं निम्मं कारण त्याची मिशी होती. खूप मोठी होती, आणि तिला पीळ होता. सवारीच्या नंबरावरून या दोघांचं रोज वाजायचं, हे तर गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. मी जीपच्या मालकाला विचारलं, "कोणावर संशय?" तो म्हणाला, "आमचं अन् त्याचं पटत नाई." बस! हेतू मिळाला, हत्यार मिळालं, मिशीही मिळाली. कोणीतरी नट ढिले करून नऊ जणांच्या जिवावर उठला, असं मी बिनतारी संदेशाने वरिष्ठांना कळवूनही टाकलं. खुनाचा प्रयत्न. माझा पहिला मोठा गुन्हा. आरशात बघून घेतलं ते वेगळंच.

दुपारी मिशीवाल्याला आणलं. स्टूलावर बसवलं. मी उभी राहिले, कारण उभं राहिल्याने समोरच्यावर दडपण येतं असं प्रशिक्षणात ऐकलं होतं.

"काल सांजेला त्याच्या दारात गेला होतास?"

"गेलतो."

"हातात पाना होता?"

"होता. मायाच होय तो."

"तू पाना घेऊन कशाला गेलास तिथे?"

"घेऊन नाई गेलो, बाई. घेऊन आलो."

"शब्दांचे खेळ करू नकोस. नट कोणी ढिले केले?"

"त्याले पुसा."

"मी तुला विचारते आहे!"

"अन् म्या सांगून राह्यलो, त्याले पुसा."

तीन तास हेच चाललं. मी टेबलावर हात आपटला. त्याला काही झालं नाही, माझं बोट सुजलं. शेवटी मी लिहिलं : संशयिताने पाना बाळगल्याचे कबूल केले असून तो उडवाउडवीची उत्तरे देत आहे. माणसाने पहिल्या पाच मिनिटांत सगळं खरं सांगितलं होतं. ते ऐकायला समोर कोणी हवं होतं.

त्याची बायको दुपारपासून ठाण्याच्या ओसरीवर डबा घेऊन बसली होती. चौकशी सुरू असताना डबा द्यायचा नाही, असं मी ठाणे अंमलदाराला बजावलं. असा कुठलाही नियम नव्हता. मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याला न्यायालयात हजर करून पोलीस कोठडी मागायची, असं ठरलं. कागद तयार होते. ते एकदा दंडाधिकाऱ्यांसमोर गेले असते, तर त्या कलमात जामीन सहजी नव्हता. काही महिने तरी तो तुरुंगात गेला असता आणि परत आल्यावर त्याच्या गाडीत कोणी सवारी बसली नसती. चाकाचे नट सोडणाऱ्याच्या गाडीत कोण बसेल?

सकाळी आठला मी आमच्या ठाण्याच्या गाडीच्या चालकाला, एका जुन्या हवालदाराला, सांगितलं की ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या जीपची मुद्देमालात नोंद करायची आहे, तिच्याजवळ जाऊन काय काय आहे ते सांगा. दहा मिनिटांनी त्यांची हाक आली.

"मॅडम, इकडं या बरं जरा."

ते पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. दोन बोटांनी त्यांनी नट धरला आणि फिरवला. फिरला. दुसरा फिरवला. तोही फिरला.

"हे चाक तर निघालं नव्हतं," मी म्हटलं.

"तिन्ही चाकं अशीच हायेत. सारे नट सारखेच ढिले. आता सांगा मॅडम, दुसऱ्याच्या दारात चोरून गेलेला मानूस एका चाकाचे नट सोडन अन् पळन का चारही चाकांचे मापात ढिले करत बसन?"

मी कडक इस्त्रीच्या गणवेशासकट मातीत गुडघे टेकले. हा माझ्या आयुष्यातला दुर्मीळ प्रसंग असल्याने नोंदवून ठेवते.

त्यांनी नट पूर्ण काढला. त्याच्या बुडाला लाल रंगाचा चिकट गोळा लागला होता. चाक उतरवलं, तर चाकाची आतली बाजू आणि ते ज्या हबवर टेकतं ती जागा, दोन्ही लाल ऑइलपेंटने माखलेल्या. रंग पुरता वाळलेलाही नव्हता. दाबाने कडेला ओघळून आला होता.

जीपच्या मालकाला बोलावलं. या वेळी मी बसले आणि त्यालाही बसायला खुर्ची दिली.

"हा रंग कोणी लावला?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, "पोळा होता, बाई. बैल इकले. दारात पुजाले काहीच नाई. बायको सकाळपासून रडून राह्यली होती. मंग म्या चारही चाकं काढली, नदीवर धुतली, शिंगं रंगवतो तशी रंगवली. आतून बाहेरून. अर्धं रंगवलं तर बैल रुसते, असं आमचा बाप म्हने. मंग बायकोनं गाडीले ओवाळलं, पुरनपोळी ठेवली."

"आणि पाना?"

"माया पाना पिचका होता, नटावरून घसरे. त्याचा मांगून आनला."

"मग तो तुझ्या दारात आला तो..."

"पाना न्यायले आलता. रंग पाहून म्हने, येड्या, मधातला रंग खरवड, हे अॅल्युमिनियमचं चाक होय. अन् उद्या अर्ध्या रस्त्यात थांबून नट पुन्हा कस. म्या म्हटलं, तुले माया चाकाईची जलन होऊन राह्यली, जाय घरी."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच नाई. तुमी म्हटलं, संशय कोनावर."

आलापल्लीहून मिस्त्री बोलावला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं ते असं. अॅल्युमिनियमचं चाक नवीन बसवलं किंवा काढून परत लावलं, की पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये ते आपली जागा धरतं, आणि तेवढ्यात नट थोडे सैल होतात. म्हणून थांबून, चाक थंड असताना, समोरासमोरचे नट एकाआड एक पुन्हा कसावे लागतात. चाक आणि हब यांच्यामध्ये रंग, गंज, चिखल काही असता कामा नये. मध्ये रंगाचा थर असला तर कितीही जोर लावून कसा, भरल्या गाडीचं वजन पडलं की तो थर चेपतो आणि नट मोकळे. म्हातारीला दोन गावं ऐकू आलेली खटखट हीच होती. बैल खरोखरच लंगडत होता. आरटीओच्या निरीक्षकाचा अहवालही पुढे तसाच आला.

न्यायालयात न्यायचे कागद मी रद्द केले. जीपच्या मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला, आणि म्हातारीचं हाड जुळेपर्यंत तो तिच्या घरी लाकडं फोडून देत होता.

मिशीवाल्याला सोडताना मी विचारलं, "हे सगळं तुला ठाऊक होतं. सांगितलं का नाहीस?"

"स्टँडचा नेम हाय, बाई. एकाच्या गाडीचं दुसऱ्यानं पोलिसात नाई सांगाचं. ज्याचं त्यानं सांगावं. म्हनून तर म्हटलं, त्याले पुसा."

"तुला तुरुंगात टाकलं असतं तरी?"

"तुमी आज ना उद्या पुसलंच असतं ना. एवढे तारे लावलेत खांद्यावर."

मी माफी मागितली नाही. तेव्हा मला ती मागता येत नव्हती. "जा आता," एवढंच म्हटलं. ओसरीवरून त्याची बायको उठली. डबा माझ्यापुढे धरून म्हणाली, "कालचा होय, मॅडम. आंबला. आता तुमीच खा."

मला त्या प्रकरणाने जे शिकवलं ते फौजदारीच्या पुस्तकात नव्हतं. खात्री झाली, की ती घट्ट वाटते. पण मधे आपल्याच हौसेचा रंग असतो, आणि वजन पडलं की तो चेपतो. तेव्हापासून माझी प्रत्येक खात्री मी थोडं अंतर चालून झालं, की थांबून पुन्हा कसून पाहिली. बऱ्याचदा ढिली निघाली.

पुढे अनेक वर्षं मी त्या मिशीवाल्याच्या गाडीने प्रवास केला. दर वेळी तो दार उघडायच्या आधी सीटखालचा पाना काढून माझ्या हातात द्यायचा. "बाई, तुमी पाहून घ्या अगुदर. मंग बसा." सगळ्या सवाऱ्या हसायच्या. मीही गणवेशात वाकून चारही चाकं तपासायची.

निवृत्त झाले तेव्हा निरोपाला शाली आल्या, नारळ आले. मिशीवाला वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. शाली कुठे गेल्या कोण जाणे, पण तो पाना माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. नात नवी गाडी घेऊन मोहर्लीला वाघ बघायला निघाली, तेव्हा मी तो तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "आजी, कंपनीनं कसून दिली आहेत चाकं. तुला खात्री नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं. "म्हणूनच देते."