सत्तेचाळीस नंबरचं अस्वल

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे गुलाम रसूलचं फ्रेमचं दुकान आहे. बाबासाहेब, गजानन महाराज, मक्का-मदिना, निवडून आलेले सरपंच आणि पडलेले सरपंच, सगळ्यांना तिथं एकाच दीड इंची पट्टीत मुकाट्यानं बसावं लागतं. आतल्या भिंतीवरची सहा चित्रं मात्र विकाऊ नाहीत. रानगवा, तणमोर, चौशिंगा, दोन बिबटे आणि एक पाठमोरा वाघ. इतकी हुबेहूब, की बिबट्याच्या मिशीला हात लावायला माणूस कचरतो. ही मोजक्या प्रतींची चित्रं. चित्रकार मूळ चित्राचे दोन-अडीचशे छापे काढतो, प्रत्येकाच्या खालच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीनं नंबर टाकतो, सही करतो आणि छपाई कायमची बंद करतो. गुलाम रसूलनं ती दहा वर्षांत जमवली. कुठं बदलून गेलेल्या फॉरेस्ट साहेबाच्या अडगळीतून, कुठं भंगारच्या गाड्यावरून. बायको अमीना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या घरी माणसाईचे फोटो दोन, जनावराईचे सहा."

घड्याळजीचं भिंग डोळ्यात बसवून तो चित्रावर वाकला, की दुकानातली माणसं उगाच आवाज खाली आणत. लोक लांबून वाघ घेऊन यायचे, अस्सल आहे का विचारायला. धामणगाव बढ्याच्या एकानं तर टॉवेलात गुंडाळून आणला होता. नऊ वाघांना गुलाम रसूल म्हणायचा, "कॅलेंडर." दहाव्याला म्हणायचा, "चांगलं कॅलेंडर."

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर महामाया आली. मेहकरला नर्स आहे. वडील शंकरराव सातपुड्यात वनरक्षक होते, नुकतेच वारले. तिच्या हातात त्यांचं अस्वल होतं, मोहाखाली बसलेलं, काच तडकलेली. शंकरराव आयुष्यभर सांगत, की एका चित्रकाराला आपण आठ दिवस पाणवठ्यावर नेलं, आणि त्यानं आपल्यासमोर सही करून सत्तेचाळीस नंबरची प्रत आपल्याला दिली. नंबर दाखवा म्हटलं की म्हणत, "पट्टीखाली दडला हाये. फ्रेम खोलून पाहा." कोण खोलतो? गावानं त्यांचं नावच 'सत्तेचाळीस' पाडलं होतं.

"बाबाच्या पुण्यानुमोदनाले लोक आठवणी सांगाले उभे राह्यले, चाचा," महामाया म्हणाली, "तिथंही एकानं अस्वलाची गोष्ट काढली अन् अख्खा मांडव हासला. बाबा खोटं बोलत होते का, एवढंच सांगा."

गुलाम रसूलनं काचेवरूनच भिंग फिरवलं. छपाईचे ठिपके दिसले. ठिपके अस्सल प्रतीतही असतात. पण नंबर नाही, सही नाही, पांढरी कडच नाही.

"कॅलेंडर," तो म्हणाला. पोरीचं तोंड पाहून "चांगलं" जोडणार होता, तेवढ्यात तीच म्हणाली, "काच तेवढी बदला. शनिवारी नेतो."

बुधवारी त्यानं फ्रेम पालथी घातली. धूळ पुसली तर मागं चिठ्ठी: 'गुलाम रसूल फ्रेमवाले, जुलै २००६'. अक्षर त्याचंच. कागद बाहेर काढला तर कापडासारखा जाड. असला कागद कुठलंच कॅलेंडर वापरत नाही. आणि खालची कड कापलेली, शेवटी जराशी डावीकडे झुकणारी. तो झुकाव अख्ख्या तालुक्यात एकाच हाताचा.

मग सगळं आठवलं. तेव्हा त्याला यातलं काही कळत नव्हतं. तयार फ्रेम आखूड पडली, म्हणून खालची रिकामी जागा कापली. शंकरराव न्यायला आले, तेव्हा विचारलं होतं, "रसूलभाऊ, नंबर कुठं गेला?" आणि हा जेवायच्या घाईत म्हणाला होता, "पट्टीखाली गेला, साहेब."

त्या दिवशी त्याचं कशातच लक्ष लागेना. एका सत्यनारायणाला उलटा बसवला. पाना हातात घेऊन पाना शोधला. अमीनानं कारण काढून घेतलंच. ती म्हणाली, "दूसरों को नकली बोलते फिरते, और कैंची किसकी चली?"

एक आशा होती. फ्रेमवाला कापलेल्या जाड कागदाची पट्टी कधी फेकत नाही. फोटो हलू नये म्हणून ती दुसऱ्याच कुठल्या फ्रेमच्या पोटात भरतो. पण कुठल्या? दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गावोगाव बीटी बियाण्याचे फलक लागले होते, आणि दुकानात नवरा-नवरीपेक्षा हार घालायचे फोटो जास्त येत होते. तरण्या शेतकऱ्यांचे. ते चेहरे तो विसरला नव्हता. त्या आठवड्यातले तीन होते.

गुरुवारी दुकान बंद ठेवून त्यानं लुना काढली. पहिल्या घरी फ्रेमच बदललेली. दुसऱ्या घरी पोटात नुसतं वर्तमानपत्र. तिसरं घर सुनगावच्या तानाबाईचं. ओसरीत कापसाचा ढीग टाकून ती बोंडअळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढत होती. भिंतीवर फोटोत तिचे मालक भाऊराव. जरासे तिरपे.

"माह्या मालकाचा फोटो खोलाचा?" तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "काऊन? त्यानं काय चोरलं तुमचं?"

"त्यानं नाई, वहिनी. म्याच ठेवलं त्याच्या मागं."

"अकरा वर्सानं आठोलं?"

गुलाम रसूलनं सगळं सांगितलं, शंकररावाला मारलेल्या थापेसकट. तानाबाईनं पदराचा कापूस झटकला. मग म्हणाली, "काढा. पण सरळ बसवून द्या. रोज सांगून राह्यली, नीट बसा म्हणून. जिता होता तवाही आयकत नोता."

खिळे काढले. पट्टी मधून घडी घालून एकाच बाजूला कोंबलेली होती. भाऊराव तिरपे झाले ते त्याच्यामुळंच. घडी उलगडली. डावीकडे पेन्सिलीत ४७/२५०. उजवीकडे सही. कुठल्याही भिंगाशिवाय दिसत होतं.

रिकाम्या जागी भरायला त्यानं पिशवीतून पुठ्ठा काढला. कुठल्याशा बियाणेवाल्याच्या कॅलेंडरचा, टपोऱ्या पांढऱ्या बोंडाचं चित्र असलेला.

"ते नको," तानाबाई म्हणाली. "त्याच्या पाठीशी ते नको."

त्यानं पुठ्ठा गुपचूप आत सारला, आपल्या नमुन्याच्या वहीचं कव्हर फाडलं आणि दोन्ही बाजूंना सारखं भरलं. भाऊराव सरळ झाले.

शुक्रवारभर तो दुकानात येरझाऱ्या घालत होता. पट्टी चिकटवून वर पांढरा पुठ्ठा लावला असता, तर सांधा ब्रह्मदेवालाही दिसला नसता. 'आधी नीट दिसलं नाही' म्हणून हात झटकता आले असते. डिंकाची बाटली त्यानं दोनदा उघडली. दुसऱ्यांदा बूच लावलं ते घट्ट लावलं.

शनिवारी महामाया आली. त्यानं अस्वल टेबलावर ठेवलं, खाली बोटभर अंतरावर पट्टी ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं. पेन्सिलीनं कागदात पडलेला चर तिनं पाहिला. कापलेल्या दोन्ही कडा पाहिल्या. तोच झुकाव.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. डोळे पुसून मान वर केली. "कापलं कोणं?"

"म्या."

"अन् पट्टीखाली गेला, असं बाबाले सांगतलं कोणं?"

"तेही म्याच."

"कॅलेंडर कोण म्हणे?"

"आता काय सारं एकाच दिवशी इचारतं का, पोरी?"

ती हसली नाही. "लिहून द्या."

गुलाम रसूलनं जुन्या चिठ्ठीखाली नवी चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं: 'चित्र अस्सल. नंबर अस्सल. शंकररावांचं बोलणं अस्सल. कड कापली आणि थाप मारली ती मी, गुलाम रसूल.'

महामायेनं ती दोनदा वाचली. "उद्या सकाळी विहारात लोक जमणार हायेत. जे हासले तेही येतीन. तिथं उभं राहून वाचाचं."

"तू वाच ना. तुह्या आवाजात बरं वाटते."

"थाप कोणाच्या आवाजातली होती, चाचा?"

दुकानामागच्या घरातून अमीना म्हणाली, "इस्त्रीचा कुर्ता काढून ठेवते."

गुलाम रसूलनं भिंग पुसलं, डबीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. "किती वाजता?" त्यानं विचारलं.