पुंजाजींचा एक सेकंद

पुंजाजी मिस्त्री कॅमेरा हातात घेतला की प्रथम डोळे मिटत. पाहण्याच्या यंत्राची परीक्षा न पाहता करणारा हा मनुष्य पहिल्या भेटीत मला सरळसरळ ढोंगी वाटला होता. अकोल्याच्या कापडबाजारामागील गल्लीत त्यांचे दुकान होते. मूळ व्यवसाय बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. घरची काळी जमीन भावांवर सोपवून ते भजनी मंडळांच्या पेट्यांचे सूर लावायला शहरात आले. पेटीच्या भात्याला चामडे चिकटवणाऱ्या हाताला घडीच्या कॅमेऱ्याचा भाताही जमेल, असे कुणा छायाचित्रकाराला सुचले आणि पुढे दुकानाच्या पाटीवर ‘हार्मोनियम’च्या शेजारी ‘व कॅमेरा’ अशी अक्षरे आली.

मी तेव्हा अमरावतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची प्रयोगनिदर्शक होते. विभागाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोके पडली होती, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी भाता बाजूला ठेवून आधी झडप, म्हणजे शटर, दाबली. डोळे मिटलेले, उजव्या हाताचे बोट मांडीवर ठेका धरून. “एक सेकंद म्हंजे ठाय, अर्धा म्हंजे दुगुन, पाव म्हंजे चौगुन,” ते म्हणाले. “यंत्र बेताल झालं का कानाले आधी समजते, डोयाले मंग.” पुढच्या खेपेला मी प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच पर्समध्ये घालून गेले. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एका कॅमेऱ्याची एका सेकंदाची झडप त्यांनी दहा वेळा उडवली. प्रत्येक वेळी ते “बरोबर” किंवा “लांबला” म्हणत आणि मी काटा वाचत असे. दहापैकी नऊ वेळा त्यांचे बरोबर आले. मी नमते घेतले नाही. वहीत नोंद घेतली.

“किती मार्क देले, मास्तरीनबाई?” त्यांनी विचारले.

“नऊ.”

“दाहावा तुमच्या घड्याळीचा असंन,” ते शांतपणे म्हणाले.

साठच्या सुमारास मेळघाटातील शेवाळांच्या आणि नेच्यांच्या पाहणीसाठी माझी निवड झाली. डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे सेमाडोहच्या आसपासच्या ओढ्यांत काम करायचे होते. आमच्या विभागप्रमुखांनी बोलावून स्पष्ट सांगितले, “सुमनबाई, तुम्हांला पाठवतो आहे ते माझ्या जबाबदारीवर. छायाचित्रांशिवाय अहवाल आला, तर संशोधनाची जागा तुम्हांला मिळणार नाहीच. शिवाय पुढच्या खेपेला कुणा मुलीचे नाव मला सुचवता येणार नाही.” ओढ्याच्या काठच्या दाट सावलीत, बोटभर उंचीच्या वनस्पतींचे स्पष्ट चित्र घ्यायचे, तर भिंगाचे छिद्र बारीक करून झडप अर्धा किंवा पूर्ण सेकंद उघडी ठेवावी लागते. विभागाच्या कॅमेऱ्याची ती कुवत नव्हती. परदेशी कॅमेऱ्यांची आयात जवळजवळ बंद झालेली. जो मिळेल तो जुनाच मिळणार होता.

असा एक कॅमेरा अकोल्यात माझ्या वडिलांचे स्नेही दादासाहेब वकील यांच्याकडे होता. जर्मन, दोन भिंगांचा, सहा सेंटिमीटरचे चौरस चित्र देणारा. “तुला हवा तर प्रथम हक्क तुझा,” दादासाहेबांनी कळवले. “मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. धामणगावचे एक रुईचे व्यापारी चारच्या गाडीने तो पाहायला येत आहेत.” वैशाखातला तो रविवार होता. मी पुंजाजींना बरोबर नेले, तेव्हा दादासाहेबांची भुवई किंचित वर गेली.

“माझ्या कॅमेऱ्याची परीक्षा पेटीवाला घेणार?”

“पेटी असो का कॅमेरा, सायेब,” पुंजाजी म्हणाले, “वाजोल्याबिगर कोनी घेत नाई.”

त्यांनी तपासणी सुरू केली. बॅटरीचा उजेड भिंगातून तिरपा सोडून बुरशीचे धागे शोधले, नव्हते. मागचे झाकण उघडून फिल्मच्या जागी तेलकट पातळ कागद ताणला, समोरच्या फाटकावरची पाटी वरच्या भिंगातून स्पष्ट करून घेतली, आणि खालच्या भिंगाने कागदावर पाडलेली तीच पाटी मला वाचायला लावली. “एक डोया पाह्यते, दुसरा लिहिते. दोघायचं पटलं पाह्यजे,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पटत होते. रद्दी फिल्म गुंडाळून पाहिली. चित्रांमधले अंतर सारखे पडत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि झडप उडवली. एक सेकंद. अर्धा. पाव. माझे घड्याळ आणि त्यांचे बोट एकाच वेळी थांबत होते. निर्दोष यंत्र होते ते. मी पर्स उघडलीदेखील.

“थांबा,” पुंजाजी म्हणाले. “तुमी जाऊन राहिल्या थंडीत. आन पाहून राहिल्या वैशाखात.”

“म्हणजे?”

“वैशाखात सारेच गातात, बाई. गया तापलेला असते. पहाटंच्या थंडीत आवाज काढला पाह्यजे.” मग ते दादासाहेबांकडे वळले. “सायेब, बर्फ हाय का घरात?”

बर्फ होता, पाहुण्यांच्या पन्ह्यासाठी सकाळीच आणलेली अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. दादासाहेबांच्या चेहऱ्यावरचा राग मला स्पष्ट दिसत होता. पण वडिलांची मैत्री आड आली. पुंजाजींनी कॅमेरा बिस्किटांच्या कोरड्या डब्यात घट्ट बंद केला आणि डबा बर्फात पुरला. साडेतीन वाजले होते. पंखा फिरत होता. चार वाजून गेल्यावर टांगा थांबला, धामणगावचे शेटजी आत आले, आणि परातीत बर्फाखाली पुरलेला डबा व शेजारी आपल्या संभाव्य कॅमेऱ्याची रिकामी पिशवी पाहून दारातच उभे राहिले.

“हे काय चालू हाय, वकीलसाहेब?”

“विचारा या मिस्त्रीला,” दादासाहेब म्हणाले.

पुंजाजींनी डबा काढून पुसला, कॅमेरा बाहेर घेतला आणि सेकंदावर लावून झडप दाबली. पाती उघडली. मी काटा सोडला. एक झाला. दोन झाले. तीन. उघड्या भिंगातून फाटकापलीकडचे पांढरे ऊन दिसत होते आणि पाती मिटत नव्हती. पाचव्या सेकंदाला त्यांनी बोटाने तरफ ढकलली, तेव्हा ती आळसावल्यासारखी एकमेकांजवळ सरकली.

मला प्रथम सुटल्यासारखे वाटले. दोष सापडला होता. पण दुसरा कॅमेरा नव्हता.

पुंजाजींनी पुढची कडी फिरवून काढली आणि डोळ्याला भिंग लावून आत पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांचे डोळे उघडे होते, तरीही ते पाहत नसल्यासारखे मला वाटले.

“पात्यावर तेल हाय,” ते म्हणाले. “झडपेले तेल चालत नाई. उन्हात पातळ राह्यते, थंडीत चिकटते.” मग कडी खाली ठेवून ते ताठ बसले. “सायेब, दोन वर्सांखाली तुमच्या मुनशीनं हा कॅमेरा कोनाकडं नेला होता?”

“तरफ जड झाली होती, म्हणून बाजारात कुणाकडे तरी. का?”

“माह्याकडं. आठ कॅमेरे तवा आले असतीन हाताखाली, तेवढ्यानंच मी सोताले शहाना समजत होतो. पेटीच्या खिट्टीले देतो तसं येक थेंब देलं. या स्क्रूवर माह्याच पेचकसाचा वरखडा हाय. हे तेल माह्यं हाय.”

दादासाहेब उठून उभे राहिले. “म्हणजे माझी वस्तू तूच बिघडवलीस, आणि पाहुण्यांसमोर दोष काढायलाही तूच?”

“हो जी.”

शेटजींनी टोपी सारखी केली. “माह्या कामाचा नाई हा माल,” म्हणत ते पन्हे न घेताच परत टांग्यात बसले. दादासाहेब मला म्हणाले, “सुमन, कॅमेरा हवा तर ने. पण या माणसाचा हात त्याला पुन्हा लागता कामा नये. मुंबईला पाठव.” मुंबईहून जुना कॅमेरा महिनोन्‌महिने परत येत नसे, हे मला ठाऊक होते. मी हिशोब मांडला. ज्याने चूक केली तो हात एका बाजूला. ती चूक कुणी न विचारता ओळखणारा हात दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच माणसाचे होते.

“दादासाहेब, मी कॅमेरा घेते. तो कुणी उघडायचा ते मी ठरवीन,” मी म्हटले. ते माझ्याशी पुढे दोन वर्षे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मी दुकानात त्यांच्यासमोर बसून होते. पाच पातळ पाती त्यांनी एकेक करून काढली, पेट्रोलमध्ये धुतली, रेशमी चिंधीने टिपली. एखादे पाते वाकले असते तर माझे सहा आठवडे आणि पुढचे सारेच तिथे संपले असते. त्यांच्या कपाळावरचा घाम कामावर पडू नये म्हणून मी पंचा धरून होते. पाती परत बसली, कॅमेरा बर्फात जाऊन आला. झडप उडवण्यापूर्वी ते म्हणाले, “आज मी आयकत नाई. माह्या कानावर भरोसा ठेवू नका. तुमी मोजा.” मी वीस वेळा मोजले. वीसही वेळा सेकंद सेकंदाइतकाच भरला. ते मात्र तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

सेमाडोहच्या ओढ्यात पहाटे बोटे वळत नसत. झडप मिटत होती. अहवालाला एकसष्ट छायाचित्रे जोडली गेली. जागा मिळाली. माझ्यानंतर दोन मुली त्या पाहणीवर गेल्या.

दीड वर्षाने अकोल्याला गेले, तेव्हा दुकानाच्या पाटीवरील ‘व कॅमेरा’ या अक्षरांवर रंग फासलेला होता. दादासाहेबांनी गावभर सांगितले होते, आणि त्यांनी सांगितलेले खरेच होते. पुंजाजी पेटीच्या सुरांच्या पितळी पट्ट्या खरवडत बसले होते.

“तुम्ही गप्प राहिला असता, तर कुणाला कळले असते?” मी विचारले.

“थंडीत तुमाले कयलं असतं.”

“आणि मी उन्हाळ्यातच जाणार असते तर?”

त्यांनी खरोखर विचार केला. “तरीबी सांगतलं असतं,” ते म्हणाले. “पन इतक्या घाईनं नसतं सांगतलं.” मग पेटीत पाहत त्यांनी विचारले, “जागा भेटली ना तुमाले?”

“भेटली.”

“मंग झालं.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. मला महिनाभराने कळले. तोपर्यंत माझा प्रबंध छापून आला होता. त्याच्या आरंभी ऋणनिर्देश आहे: विभागप्रमुख, वनखाते, सेमाडोहचे वाटाडे, आणि शिष्टाचार म्हणून दादासाहेबदेखील. पुंजाजींचे नाव नाही. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याचे नाव शास्त्रीय प्रबंधात शोभणार नाही, असे मला तेव्हा वाटले होते. ते नाव छपाईत राहून गेलेले नाही. मी वगळले होते.